सात नंबरची दोरी

साहेब माणसांना तळहातावर तोलायचे. समोर कुणी नवा माणूस आला की उजवा तळहात पुढे धरून दोनदा वरखाली करायचे, बाजारात लिंबू तोलून बघतात तसा, आणि निकाल द्यायचे, "हलका आहे." हा निकाल त्या माणसाच्या तोंडावर दिला जाई. पाटबंधारे खात्यात मी त्यांच्या हाताखाली रुजू झालो त्या दिवशी पिशोरहून नवा शर्ट घालून, आईने हातावर घातलेलं दही खाऊन आलो होतो. साहेबांनी तळहात हलवला आणि म्हणाले, "काकडे, गोणी बरी दिसतेय. माल कधी भरणार?" सगळं ऑफिस हसलं. मी तो दिवस विसरलेलो नाही आणि त्याबद्दल त्यांना माफही केलेलं नाही. तरी पुढची सगळी नोकरी आणि नोकरीनंतरची वर्षं मी त्यांच्या मागे का हिंडलो, हे माझ्या बायकोला आजवर समजलेलं नाही. मलाही धड सांगता येत नाही.

खात्यात त्यांना मागून सगळे 'तराजू' म्हणत. त्यांच्याकडे गुणनियंत्रणाचं काम होतं. सिमेंटच्या पोत्यावर पन्नास किलो छापलेलं असलं तरी साहेब ते पोतं काट्यावर चढवत, आणि ठेकेदार तिथंच उभा असताना पुढचंही चढवत. "छापलेला आकडा छापणाऱ्याच्या सोयीचा असतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. घरीही तेच. पेढे आणले की खोक्याचं वजन वेगळं काढून पाहायचे. साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या तेव्हा पडेगावच्या घरी भेटायला आलेले कुणी पाहुणे गहिवरून म्हणाले, "चाळीस वर्षांची सोबत गेली हो!" साहेब म्हणाले, "अडतीस. दोन वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती." पाहुण्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. काकूंच्या फोटोला मात्र ते रोज स्वतः उठून फूल वाहत, आणि त्या वेळी जवळ कुणी आलेलं त्यांना खपत नसे.

अशा नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला छंद होता तो माशा बांधण्याचा. छावणीत एक निवृत्त फौजी अधिकारी राहायचे. त्यांनी साहेबांना तरुणपणी पिसाच्या माशीने मासे धरायला शिकवलं आणि जाताना आपली काठी त्यांच्या हवाली केली. कोंबड्याच्या मानेचं पीस बारीक गळाला दोऱ्याने बांधायचं, की पाण्यावर पडलेल्या किड्यासारखं दिसतं. साहेब जातीने आणि सवयीने शाकाहारी. मासा धरायचे, ओल्या हाताने गळ काढायचे आणि पाण्यात सोडून द्यायचे. आमच्या पिशोरच्या धरणावर ते पहिल्यांदा आले तेव्हा माझा थोरला भाऊ हे पाहून चक्रावला. "खात नाय तर धरता कशाला, सायेब?" साहेब म्हणाले, "तू बायकोशी रोज भांडतोस, ते काय खायला?" भाऊ पुढचे सहा महिने आमच्या वाटेला आला नाही. वहिनी मात्र त्यानंतर साहेबांसाठी न चुकता ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा पाठवायला लागली.

या प्रकारात सगळा जीव दोरीत असतो, हे मला कळायला बराच काळ लागला. साधे गळवाले शिसं फेकतात आणि दोरी त्याच्या मागे जाते. इथं पिसाच्या माशीला वजनच नाही. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार असते. काठी वाकते, सरळ होताना दोरी फेकते, आणि माशी मागून जाते. दोरीचं वजन काठीच्या ताकदीला जुळलं पाहिजे. मी विचारलं होतं, "पण हलकी दोरी तर लांब जायला पायजे ना, साहेब?" त्यांनी कपाळाला हात लावला. "शेतकऱ्याचा मुलगा ना तू? गोफणीत कापूस घालून पाखरं उडवलीस कधी?" मला तेवढं पुरलं. काठीला वाकायला ओझं लागतं. ते नसलं की काठी नुसतीच हवा हलवते आणि दोरी पायाशी वेटोळं होऊन पडते.

दोरीवर नंबर असतो, काठीवरही असतो, आणि दुनिया नंबराला नंबर लावून मोकळी होते. साहेब तसं करतील तर ते साहेब कसले. नवी दोरी आली की ते ती सराफ्यात घेऊन जात. तिथले एक शेठ त्यांच्या शाळेतले. काचेच्या पेटीतल्या सोन्याच्या काट्यावर साहेब दोरीचा पुढचा, फेकीला ओझं देणारा जाड भाग तेवढा वेटोळं करून ठेवत, बारीक भाग पेटीबाहेर सोडत. शेठ वैतागून म्हणत, "क्या साहेब, फिरसे दोरी? कधी तरी सोनं पण आणा!" साहेब म्हणत, "सोनं तुम्ही तोललेलं मी घेत नाही." साहेबांचा मुलगा अभय लहान असताना त्याला खांद्यावर बसवून ते सराफ्यात न्यायचे. काट्यावरचा आकडा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. चुकला तर गर्दीत खाली उतरवायचे आणि घरापर्यंत चालवत आणायचे. पण सुट्टीच्या दिवशी धरणावर त्या बापलेकांना पाहावं. एकाने दोरी टाकावी, दुसऱ्याने बघावं, तासन् तास बोलणं नाही. त्या दोघांना एकमेकांचा लळा होता तो तिथंच, पाण्याच्या काठाला. घरात ते एकमेकांशी बोलत तेव्हा भांडणच होई.

अभय शिकला आणि कॅनडाला गेला. दर हिवाळ्यात यायचा, दोघं पिशोर गाठायचे, आणि भाकरी पुरवायला मी. मग एका पावसाळ्यात दौलताबादच्या वेशीत साहेबांची स्कूटर घसरली आणि उजवा खांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली, पण हात कानाच्या वर जाईना. एका हाताची काठी संपली. ते पडेगावच्या व्हरांड्यात बसून दौलताबादकडे जाणाऱ्या गाड्या बघत. जीभ तेवढी शाबूत होती, आणि तिच्या तावडीत रोज सापडणारा मीच होतो. "ये काकडे. आज काय कमी करून आलास?" असं स्वागत व्हायचं. त्या हिवाळ्यात अभय आला आणि दोघं घरातच बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, कशावरून ते दोघांनाही सांगता आलं नाही.

पुढच्या डिसेंबरात तो आला तो एक लांब नळी घेऊन. तिच्यात दोन हातांनी फेकायची काठी होती. तिला तिकडे स्विच रॉड म्हणतात. एक हात वर, एक हात बुडाला धरायचा. खांदा उचलावा लागत नाही. दोरी मागे हवेत न्यायची नाही, पाण्यावरच वळवून पुढे मारायची. म्हणजे मागे बाभळीचं रान असलं तरी अडत नाही, आणि आमच्या धरणाच्या काठाला दुसरं आहे काय? अभयने हा सगळा विचार केला होता. डोळ्यांत पाणी आणून तो बापाला काठी दाखवत होता. "बाबा, आता दर हिवाळ्यात पुन्हा जायचं. मी येणार, काही झालं तरी." मग त्याने रीळ दिलं. त्यावर हिरवी दोरी गुंडाळलेली. साहेबांनी ते तळहातावर घेतलं, दोनदा वरखाली केलं आणि मुलाकडे पाहिलं.

"सात नंबर?"

"हो बाबा. काठीही सातच आहे."

"तोललीस?"

"तोलायचं काय त्यात? दोन्हींवर लिहिलंय की."

"छान," साहेब म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'छान' ऐकलेलं नव्हतं. अभय आत गेल्यावर मी विचारलं तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "एका हाताच्या दोरीचा सात वेगळा आणि दोन हातांच्या काठीचा सात वेगळा. निजामाचा शेर आणि इंग्रजांचा शेर, नाव एक, माप दुसरं. या काठीला याच्या दुपटीहून जास्त ओझं लागतं. त्याने कापूस आणलाय."

"मग सांगा ना त्याला."

"बाराखडीच्या आधी सांगितलंय. आता तो सांगेल मला."

त्या सुट्टीचे सगळे दिवस आम्ही पिशोरला गेलो. साहेब गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, दोन्ही हातांनी काठी वळवायचे, आणि हिरवी दोरी चार हातांवर मेल्या सापासारखी पडायची. पुन्हा उचलायचे, पुन्हा पडायची. अभय काठावरून सांगायचा, "बाबा, जरा सावकाश. बाबा, डाव्या हाताने ओढा." साहेब आज्ञाधारक मुलासारखे सगळं करायचे. मी त्यांना असं आज्ञाधारक कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची भीती वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी अभयने स्वतः काठी घेतली. त्याचीही दोरी तशीच पडली. मला वाटलं, सुटलो, आता कळेल. पण तो म्हणाला, "मलाच अजून नीट येत नाही, बाबा. मी काय शिकवणार?" आणि काठी बापाच्या हातात परत दिली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर काही चांगली नव्हती.

शेवटच्या दिवशी दोरी पुन्हा पायाशी पडली तेव्हा अभय म्हणाला, "राहू द्या बाबा. खांद्याला नाही जमत आता. माझंच चुकलं, मी उगाच आशा लावली." आणि तो बाभळींच्या मागे निघून गेला. चाळिशीचा बाप्या हुंदके देत होता, ते आम्हा दोघांना ऐकू येत होतं. मी पाण्यात शिरलो आणि पहिल्यांदाच साहेबांवर ओरडलो. "लई झालं साहेब! पोरगं उद्या जाणार. सांगून टाका!"

साहेब दोरी गुंडाळत होते. "रडू दे. डोळे धुतले की आकडा नीट दिसेल."

"काय माणूस आहात तुम्ही?"

"मी इतके दिवस पाण्यात उभा आहे, काकडे. एकदा तरी म्हणाला का, बाबा, दोरी काढा, सराफ्यात जाऊन बघू? नाही. लगेच माझ्या खांद्यावर आला. मुलांना बापाचा खांदा मोडलेला चालतो. आपला आकडा चुकलेला चालत नाही."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर अभय त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, मासेमारीचं आता डोक्यातून काढून टाका. तुम्हाला तसं बघवत नाही मला." साहेब म्हणाले, "बरं."

अभय गेला त्याच आठवड्यात साहेबांनी मुंबईतल्या एका हौशी माणसाकडून दुसरी दोरी मागवली, नारिंगी, भरपूर जड. "दोरी नेहमी जास्तीची घ्यावी आणि छाटत यावी," ते म्हणाले. "कमी असली तर तिला जोड देता येत नाही." ती आली तशी आम्ही धरणाच्या काठावर बसलो. साहेब फेकून बघायचे, मग जाड भागाच्या मागच्या टोकाकडून वीतभर तुकडा ब्लेडने कापायचे, पुन्हा बांधायचे, पुन्हा फेकायचे. जास्त ओझ्याने काठी आधी कमरेत मोडल्यासारखी वाकत होती. मग हळूहळू तिच्यात जीव यायला लागला. ऊन उतरत आलं तेव्हा त्यांनी दोरी पाण्यावर वळवली, दोन्ही हात छातीपाशी आणले आणि मारली. नारिंगी दोरी सरळ सुटली ती समोरच्या बुडालेल्या बाभळीपर्यंत गेली आणि तिथं अलगद टेकली. साहेबांचा खांदा जागचा हलला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या. साहेब पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "अभयने बघायला हवं होतं हे."

"फोन लावतो की आत्ता. व्हिडिओवर दाखवू."

"लावलास तर माझ्या घराची पायरी चढू नकोस. तो आपणहून विचारेल."

"काय विचारेल?"

"विचारेल की, बाबा, त्या दोरीचं वजन काय भरलं? एवढंच विचारायचंय त्याला. मी सगळं सांगेन."

अभयचा दर रविवारी फोन यायचा. तो साखर विचारायचा, रक्तदाब विचारायचा, गोळ्या, जेवण, बाईचा स्वयंपाक. खांदा शेवटी विचारायचा, तोही दबक्या आवाजात. काठीचा विषय त्याने एकदाही काढला नाही. बापाला दुखेल म्हणून काढत नसेल. रविवारी आम्ही हटकून धरणावर असायचो. एकदा काठीला चांगली हातभर मरळ लागलेली, काठी कमान झालेली, आणि मी साहेबांच्या कानाला फोन धरून उभा. "खांदा ना? खांदा काय, गेला तो आता," साहेब धापा टाकत म्हणाले. तिकडून अभय काळजीने म्हणाला, "बाबा, दम का लागतोय?" साहेब म्हणाले, "वय झालं." मला हसूही येत होतं आणि फोन पाण्यात फेकून द्यावासाही वाटत होता. फोन बंद झाला, मासा सोडून झाला, आणि साहेब दगडावर बसून राहिले. "नाही विचारलं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्या दिवशी दोरी टाकली नाही.

डिसेंबर आला. साहेबांनी मला सांगून पाण्यात शिरण्याच्या वाटेवरची बाभूळ छाटून घेतली, दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी जागा केली. अभय आला नाही. कामं होती म्हणे. पुढच्या डिसेंबरातही साहेबांनी तीच वाट पुन्हा साफ करून घेतली. तेव्हाही तो आला नाही. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही स्वतःच बोलवा ना. बाप आहात." ते म्हणाले, "बोलावून आलेला माणूस वजनात धरत नाहीत." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं सुंभ जळताना मी रोज बघत होतो.

दुसरा डिसेंबर सरला आणि जानेवारीच्या एका सकाळी कामाच्या बाईने मला फोन केला. साहेब व्हरांड्यातल्या खुर्चीत गेले होते, चहा पुढ्यात, पायात फिरायचे बूट. अभयला विमान मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. पुतण्याने अग्नी दिला. अभय तिसऱ्या दिवशी आला. कायगावला अस्थी सोडल्या तेव्हाही तो पाण्याकडे बघत उभा होता, अगदी बापासारखा, आणि मी नजर दुसरीकडे वळवली.

तेराव्यानंतर तो घर आवरत होता. मी बाहेर बसलो होतो. तो काठी घेऊन आला. रीळ त्याने माझ्यापुढे धरलं.

"काका, मी हिरवी दोरी आणली होती."

"व्हय."

"ही नारिंगी आहे. आणि झिजलेली आहे. वापरलीय कुणीतरी."

मी रीळ हातात घेऊन परत दिलं. तो म्हणाला, "सराफ्यात येता?"

शेठ आता थकलेत. त्यांनी अभयला ओळखलं, उठून उभे राहिले. अभयने कुणी न सांगता जाड भाग तेवढा वेटोळं करून काट्यावर ठेवला आणि बारीक भाग पेटीबाहेर सोडला. आकडा त्याने मोठ्याने वाचला, लहानपणी वाचायचा तसा. मग खिशातून हिरवी दोरी काढली. ती साहेबांच्या कपाटात सापडली होती. तीही तोलली. तिचा आकडा निम्म्याहूनही कमी भरला. तोही त्याने वाचला, पण या वेळी स्वतःशीच. शेठ म्हणाले, "हां, ये नारिंगीवाली तो साहेबने तुम्ही गेल्यावर त्याच हप्त्यात आणली होती ना. एकदम खूश होते."

आम्ही बाहेर आलो. सराफ्यातली गर्दी आम्हाला धक्के देत जात होती. अभय दोन्ही दोऱ्या हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा.

"म्हणजे त्यांना जमत होतं."

"लई चांगलं जमायचं. पार त्या बुडालेल्या बाभळीपर्यंत जायची."

"मला वाटलं, काठी आणून मी त्यांचा अपमान केला. पुन्हा डोळ्यांसमोर त्यांना तसं बघायचं नव्हतं, म्हणून मी आलो नाही, काका. दोन हिवाळे." तो माझ्याकडे वळला. "मला सांगितलं का नाही कुणी?"

सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. छाटलेल्या बाभळीची वाट होती. रविवारी फोन ठेवल्यावरचं त्यांचं बसून राहणं होतं. 'अभयने बघायला हवं होतं' हे त्यांचं वाक्य होतं, आणि ते मी त्याला द्यायला हवं होतं. पण आयुष्यभर ज्याच्या हाताखाली काढलं, तो माणूस माझ्या तोंडात येऊन बसला होता.

"तू विचारलंच नाय," मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली. नारिंगी दोरी तळहातावर घेतली आणि दोनदा वरखाली केली. "जड आहे," तो म्हणाला.

"उशिरा तोललीस," मी म्हणालो.

त्याने दचकून वर पाहिलं. मी होतो तिथं त्याला दुसराच कुणी दिसला असावा, कारण सराफ्याच्या त्या गर्दीत तो खाली वाकला आणि माझ्या पाया पडला.